फोन नाही, पत्ता नाही : उपनगरांतील बेघरांचे आरोग्य आणि डिजिटल साधने

उपनगरातल्या कुठल्याही सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात सकाळी केसपेपरच्या खिडकीसमोर थोडा वेळ उभे राहा. नाव, वय, पत्ता, मोबाइल नंबर एवढेच विचारले जाते. घरातून आलेला माणूस दहा सेकंदांत उत्तरे देऊन पुढे सरकतो. पुलाखाली झोपणारा माणूस तिसऱ्या प्रश्नावर थांबतो. पत्ता नाही. मोबाइल होता, पण झोपेत खिशातून गेला. त्यानंतर आधार, आधारला जोडलेला नंबर आणि त्या नंबरवर येणारा ओटीपी असे एकेक दार बंद होत जाते. कोणी त्याला हाकलत नाही. मागची रांग कुरकुरते आणि तो स्वतःच बाजूला होतो. पुढच्या वेळी तो रुग्णालयात येतो तेव्हा बहुधा स्ट्रेचरवरून येतो.

गेल्या काही वर्षांत आरोग्यसेवा झपाट्याने मोबाइलवर आली. तिचा फायदा बेघर माणसाला होतो का, आणि कार्यकर्त्यांनी नेमके काय करायचे, हे तरुण मित्रांना एका जागी मिळावे म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत. आमचे म्हणणे सरळ आहे. डिजिटल साधन बेघराच्या उपयोगी पडते, पण त्याला दोन अटी आहेत. साधन आणि रुग्ण यांच्यामध्ये एक ओळखीचा, विश्वासाचा माणूस उभा असला पाहिजे. आणि फोन किंवा कागद नसला तरी उपचार थांबणार नाहीत, अशी दुसरी वाट उघडी असली पाहिजे. यातली एक अट सुटली तरी तेच साधन माणसाला बाहेर ठेवणारे कुलूप होते.

बेघर कोणाला म्हणायचे?

झोपडपट्टीत राहणारा माणूस बेघर नव्हे. जनगणनेच्या व्याख्येनुसार जे कुठल्याही घरात किंवा इमारतीत राहत नाहीत, रस्त्याकडेला, फुटपाथवर, सिमेंटच्या पाइपांत, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, रेल्वे फलाटावर किंवा देवळाच्या आवारात उघड्यावर राहतात, ते बेघर. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाख ७३ हजार बेघर मोजले गेले. त्यांतले सुमारे ९ लाख ३८ हजार शहरांत होते. बृहन्मुंबईतली संख्या ५० हजारांच्या वर होती.

त्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली. रात्रपाळीला गेलेला हमाल, कचरा वेचायला बाहेर पडलेली बाई, पोलिसांनी उठवलेले कुटुंब अशा मोजणीत सहज सुटते. म्हणून खरा आकडा मोठा असावा, असे या क्षेत्रात काम करणारे सांगत आले आहेत.

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या स्थानकांच्या परिसरात आपल्याला दिसणारी माणसे सगळी भीक मागणारी नाहीत. नाक्यावर उभा राहणारा बिगारी, लग्नाच्या हॉलमध्ये वाढपी म्हणून जाणारा तरुण, कचरा वेचणारी आजी, गजरे विकणारे कुटुंब, घरातून काढून टाकलेले म्हातारे, मानसिक आजारात घर विसरलेली बाई, झोपडी तुटल्यावर फुटपाथवर आलेले लोक अशी ही वस्ती आहे. त्यांत दलित, आदिवासी आणि भटके-विमुक्त समाजातली माणसे मोठ्या संख्येने आहेत. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १९५० चा आणि विमुक्त-भटक्यांना १९६१ चा पुरावा मागितला जातो. ज्याच्या आजोबांचेही घर नव्हते, त्याने तो आणायचा कुठून? आरोग्ययोजनेच्या कागदांची अडचण या जुन्याच अडचणीची पुढची कडी आहे.

कायदा कोणाच्या बाजूने आहे?

खिडकीवर बोलताना कार्यकर्त्याला कायद्याची मूळ वाक्ये माहीत असावीत. आवाज चढवावा लागत नाही.

संविधानाच्या अनुच्छेद २१ मधला जगण्याचा हक्क पत्ता पाहून मिळत नाही. मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या ओल्गा टेलिस खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. परमानंद कटारा प्रकरणात १९८९ साली न्यायालयाने सांगितले की जखमी माणसाचा जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे, पोलिसी सोपस्कार नंतर. १९९६ च्या पश्चिम बंग खेत मजदूर समिती प्रकरणात सरकारी रुग्णालयाने तातडीचे उपचार न देणे हा अनुच्छेद २१ चा भंग ठरला.

शहरी बेघरांसाठी दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांचा एक कायमस्वरूपी, चोवीस तास चालणारा निवारा हवा, असा निकष सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांतून आणि राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून आला. मुंबईची २०११ ची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख. म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. प्रत्यक्षातली संख्या याच्या जवळपासही गेलेली नाही. आणि समजा सव्वाशे निवारे झालेच, तरी त्यांत साडेबारा हजार माणसे मावतील. उरलेल्यांचा दवाखाना रस्त्यावरच न्यावा लागेल.

२०१३ साली मंजूर झालेल्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानातही बेघर, कचरावेचक, फेरीवाले, हमाल यांच्याकडे खास लक्ष द्यावे असे लिहिलेले आहे. म्हणजे आपण जे मागतो ते दान नाही. शासनाने स्वतःच कबूल केलेले काम आहे.

कोविनने दिलेला धडा

डिजिटल साधन बेघरांसाठी कधी बिघडते आणि कधी चालते, याचे सगळ्यांत स्पष्ट उदाहरण २०२१ सालच्या लसीकरणात सापडते.

१८ ते ४४ वयाच्या लोकांसाठी लस सुरू झाली तेव्हा कोविन पोर्टलवर आधी नोंदणी करणे सक्तीचे होते. त्यासाठी मोबाइल नंबर, ओटीपी आणि फोटोचे ओळखपत्र लागत होते. ज्यांच्याकडे वेगवान इंटरनेट होते त्यांनी क्षणात जागा भरल्या. फुटपाथवरचा माणूस त्या शर्यतीत नव्हताच. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१ च्या आदेशात याच डिजिटल दरीवर बोट ठेवले.

त्याआधी, ६ मे २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ओळखपत्र नसलेल्यांसाठी कार्यपद्धती काढली होती. तिच्यात भटके लोक, रस्त्यावर भीक मागणारे, वृद्धाश्रमांतले, मनोरुग्णालयांतले, तुरुंगांतले लोक होते. त्या कार्यपद्धतीचा गाभा ‘मुख्य सहायक’ हा होता. जिल्हा यंत्रणेने असे गट शोधायचे. प्रत्येक गटासाठी ओळखपत्र आणि मोबाइल असलेला एक माणूस नेमायचा. त्याच्यामार्फत नोंदणी करायची आणि खास सत्र लावून लस द्यायची. लस घेणाऱ्याचे नाव, जन्मवर्ष आणि लिंग एवढी माहिती पुरेशी होती.

पोर्टल तेच राहिले, लसही तीच होती. फक्त मध्ये एक माणूस आला आणि कागदाची अट खाली आली, तेव्हा दार उघडले. ही तरतूद महासाथीपुरती होती. आमचा प्रश्न असा आहे की जे लसीसाठी करता आले ते क्षयरोग, मधुमेह, बाळंतपण आणि मोतीबिंदूसाठी का करता येऊ नये?

एकेक साधन : काय आहे, कुठे अडते, वाट काय

आधार. बहुतेक योजनांची पहिली पायरी. अनेक बेघरांचे आधार एकदा निघालेले असते, पण कार्ड हरवलेले असते आणि नंबर आठवत नाही. महापालिकेची गाडी फुटपाथवरचे सामान उचलून नेते त्यात पिशवी जाते, पावसात कागद भिजतात. अशा माणसाचे नवे आधार काढायला जाऊ नये. बोटांच्या ठशांची नोंद आधीच असल्याने नवा अर्ज फेटाळला जातो. आधार सेवा केंद्रात बोटांचे ठसे किंवा डोळ्यांची बाहुली जुळवून जुनाच नंबर शोधता येतो. मोबाइल नंबर बदलण्यासाठी कुठलाही कागद लागत नाही, माणूस स्वतः जावा लागतो.

ज्यांचे आधार कधीच निघाले नाही त्यांच्यासाठी आधार कायदा २०१६ चे कलम ५ लक्षात ठेवा. कायमचे राहण्याचे घर नसलेल्या व्यक्तींची नोंदणी करण्यासाठी प्राधिकरणाने विशेष उपाय करावेत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाने ठरावीक नमुन्यात दिलेले फोटोसह प्रमाणपत्र आधार नोंदणीसाठी चालते. तो नमुना आपल्या गटाकडे छापून ठेवावा. आणखी एक. कलम ७ प्रमाणे ज्याला आधार मिळालेले नाही त्याला ओळखीचा दुसरा पर्याय देऊन लाभ द्यायचा आहे. केवळ आधार नाही म्हणून उपचार नाकारणे कायद्यात बसत नाही.

आभा. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले. त्यातला आभा हा चौदा आकडी आरोग्य-खाते क्रमांक. वेगवेगळ्या दवाखान्यांतल्या नोंदी, तपासण्या, औषधांच्या चिठ्ठ्या या क्रमांकाला जोडता येतात. ज्याच्याकडे कागद सांभाळायला कपाट नाही त्याला याचा खरा उपयोग आहे. अडचण ओटीपीची आहे. स्वस्तातला रिचार्ज संपला, काही महिने नंबर बंद राहिला की तो दुसऱ्याला दिला जातो आणि ओटीपी भलत्याच माणसाच्या फोनवर जातो. जोडलेल्या आरोग्यसंस्थेत बोटांच्या ठशांवरूनही आभा काढण्याची सोय आहे, ती मागावी. क्रमांक मिळाला की तो छापून, प्लास्टिकमध्ये घालून माणसाच्या हातात द्यावा आणि एक प्रत निवाऱ्यात ठेवावी.

दोन गोष्टींचा घोळ करू नका. आभा म्हणजे विमा नव्हे, त्यातून उपचाराचे पैसे मिळत नाहीत. आणि आभा ऐच्छिक आहे. आभा नाही म्हणून कोणी केसपेपर नाकारू शकत नाही.

आयुष्मान कार्ड आणि महात्मा फुले योजना. प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सप्टेंबर २०१८ पासून आहे. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार त्यात येतात. शहरी यादीतल्या व्यवसायांत कचरावेचक, भीक मागणारे, घरकामगार, फेरीवाले, चांभार, बांधकाम मजूर, सफाई कामगार आहेत. मात्र २०११ च्या सामाजिक-आर्थिक सर्वेक्षणात नाव असावे लागते आणि नेमके हेच लोक त्या सर्वेक्षणात सुटले. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरच्या सर्वांना, उत्पन्न न पाहता, ही योजना लागू आहे. फुटपाथवरच्या म्हाताऱ्या माणसाचे आधार सापडले तर हे कार्ड लगेच काढून घ्यावे.

महाराष्ट्राची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना या नावाने सुरू झाली. मुंबई उपनगर जिल्हा पहिल्या टप्प्यातच होता. १ जुलै २०२४ पासून तिची मर्यादा पाच लाख झाली आणि सर्व रेशनकार्डधारक तिच्यात आले. रेशनकार्डच नसेल तर अधिवासाचा कागद विचारतात आणि बेघर तिथे अडतो. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो, पहिली भेट त्याची घ्यावी. तातडीच्या वेळी फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करण्याची आणि कागद नंतर देण्याची सोय आहे. ती मागावी लागते, आपोआप मिळत नाही.

ही योजना जिथे लागत नाही तिथे धर्मादाय रुग्णालयांची योजना पाहा. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या आहेत. तातडीच्या रुग्णाला अनामत रक्कम न मागता दाखल करायचे आहे. रिकाम्या खाटांची माहिती धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर पाहता येते. इथे कार्यकर्त्याच्या हातातला फोन खरा कामाला येतो.

निक्षय. बेघरांसाठी सगळ्यांत उपयुक्त डिजिटल नोंद कुठली असे विचारले तर आम्ही क्षयरोगाच्या निक्षय प्रणालीचे नाव घेऊ. टीबीचे औषध किमान सहा महिने घ्यावे लागते. मध्येच सुटले तर आजार औषधांना दाद देईनासा होतो. आता उपनगरांचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. मुलुंडचा चेकनाका ओलांडला की ठाणे महापालिका, दहिसर ओलांडले की मीरा-भाईंदर. बेघर माणूस काम आणि आडोसा शोधत रेल्वेमार्गाने फिरतो. घाटकोपरला औषध सुरू झालेला माणूस पावसाळ्यात कल्याणला जातो. कागदाची फाइल घाटकोपरलाच राहते. निक्षय क्रमांक असेल तर कुठल्याही शहरातले क्षयरोग केंद्र नोंद पाहू शकते आणि औषध पुढे चालू ठेवू शकते. म्हणून टीबीच्या प्रत्येक बेघर रुग्णाचा निक्षय क्रमांक आपल्या वहीत असलाच पाहिजे.

निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असताना महिन्याला पैसे मिळतात. २०१८ साली ५०० रुपये होते, १ नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाले. पैसे बँक खात्यात येतात आणि खाते नसल्यामुळे बेघराचे पैसे रखडतात. कागद नसलेल्यालाही बँकेत ‘छोटे खाते’ उघडता येते, हे अनेक कार्यकर्त्यांना ठाऊक नसते. फोटो आणि अधिकाऱ्यासमोर केलेली सही किंवा अंगठा एवढ्यावर ते उघडते. ते आधी बारा महिने चालते. त्या मुदतीत कागदासाठी अर्ज केल्याचे दाखवले की मुदत वाढते.

टीबीतच एक सावधगिरीची गोष्टही आहे. ‘९९ डॉट्स’ नावाच्या पद्धतीत गोळी काढली की पाकिटाखाली लपलेला फोन नंबर दिसतो. रुग्णाने त्यावर फुकट फोन करायचा आणि गोळी घेतल्याची नोंद होते. कल्पना चांगली होती. पण चेन्नई, वेल्लोर आणि मुंबईतल्या टीबी-एचआयव्ही रुग्णांची लघवी तपासून केलेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फोनवरची नोंद आणि प्रत्यक्ष घेतलेले औषध यांचा मेळ पुरेसा बसला नाही. घर आणि फोन असलेल्या रुग्णांचीही नोंद अशी चुकत असेल, तर फोनच नसलेल्याला ही पद्धत किती धरून ठेवणार? फोनने नोंद घेता येते. गोळी खाल्लीस का, उपाशीपोटी खाल्लीस का, उलटी झाली का, हे मात्र समोर बसून विचारावे लागते.

याउलट हातात धरून नेता येणारे एक्स-रे यंत्र हे रस्त्यावर उपयोगी पडणारे साधन आहे. छातीचा फोटो तिथल्या तिथे निघतो आणि संगणक संशयित सावली दाखवतो. १५ वर्षांवरच्या लोकांच्या टीबी चाचपणीसाठी अशा संगणकीय वाचनाला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली. यासाठी रुग्णाकडे फोन, पत्ता, ओटीपी काहीच लागत नाही. आपल्या वॉर्डातल्या क्षयरोग अधिकाऱ्याकडे स्थानकाजवळ रात्री शिबिर लावण्याची लेखी मागणी करा.

टेलिमानस आणि ई-संजीवनी. मानसिक आजारासाठी १४४१६ हा मोफत नंबर १० ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालतो, मराठीतूनही बोलता येते. ई-संजीवनीवर डॉक्टर फोनवर तपासून चिठ्ठी देतात. दोन्ही ठिकाणी कार्यकर्त्याच्या फोनवरून रुग्णाला बोलते करता येते. जखमेला, तापाला, गरोदर बाईला मात्र फोनवर भागवू नये, दवाखान्यात न्यावे.

मानसिक आरोग्य कायदा २०१७ चे कलम १८ सांगते की बेघर किंवा निराधार व्यक्तीला, कार्ड असो वा नसो, मानसिक आजाराचे उपचार मोफत मिळाले पाहिजेत. कलम १०० प्रमाणे रस्त्यावर भटकणाऱ्या, स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या आजारी माणसाला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत नेणे ही पोलीस ठाण्याची जबाबदारी आहे. हे काम माणसे कशी करतात याचे उदाहरण आपल्या उपनगरांतच आहे. डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी बोरिवली-दहिसर भागातून रस्त्यावरच्या मनोरुग्णांना उचलून उपचार देण्यास सुरुवात केली. पुढे त्यांच्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेचे केंद्र कर्जतला उभे राहिले. डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. उपचाराने सावरलेला माणूस आपल्या गावाचे, तालुक्याचे नाव सांगतो आणि मग त्याला घरी पोचवले जाते. गाव शोधायला इंटरनेट मदत करू शकते. पण ते नाव माणूस आधी कोणावर तरी विश्वास बसला म्हणून सांगतो.

उपनगरांत कुठे जायचे

अंधेरी : विलेपार्ले-जुहूचे कूपर रुग्णालय, जोगेश्वरीचे ट्रॉमा केअर रुग्णालय. वॉर्ड कार्यालये के पूर्व व के पश्चिम.

बोरिवली : भगवती रुग्णालय आणि कांदिवलीचे भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालय, ज्याला लोक शताब्दी म्हणतात. वॉर्ड आर मध्य.

घाटकोपर : राजावाडी रुग्णालय. वॉर्ड एन.

मुलुंड : एम. टी. अगरवाल रुग्णालय. वॉर्ड टी.

भगवती आणि अगरवाल या दोन्ही रुग्णालयांच्या पुनर्बांधणीचे काम बरीच वर्षे चालले, म्हणून रुग्णाला नेण्याआधी हवा तो विभाग सुरू आहे का ते विचारून घ्या. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाची ओळख ठेवा. निराधार रुग्णाच्या औषधाचा, तपासणीचा खर्च माफ करण्याची वाट तिथून जाते. २०२२ च्या अखेरीपासून सुरू झालेले महापालिकेचे ‘आपला दवाखाना’ संध्याकाळनंतरही चालावेत अशी योजना आहे. रोजंदारीवरच्या माणसाला सकाळची ओपीडी म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे, त्यामुळे जवळच्या दवाखान्याची वेळ आधी पाहून ठेवा.

हाताशी ठेवायचे नंबर : रुग्णवाहिका १०८, महापालिका १९१६, मानसिक आरोग्य १४४१६, ज्येष्ठ नागरिक १४५६७, मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, आधार १९४७, महात्मा फुले योजना १५५३८८, क्षयरोग १८००११६६६६. १०८ ला ओळखपत्र लागत नाही.

माहिती कोणाची?

बेघर माणूस नाव सांगायला का कचरतो, हे समजून घ्या. १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात आजही आहे. त्याखाली वॉरंटशिवाय पकडून चेंबूरच्या भिक्षेकरी गृहात ठेवता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली या कायद्याच्या मुख्य तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरवल्या, आपल्याकडे तसे झालेले नाही. ज्याला उठवले जाण्याची, पकडले जाण्याची भीती आहे, त्याच्यासाठी आपण बनवलेली यादी हा धोकाच असतो. आपण चांगल्या हेतूने केलेली नावांची फाइल उद्या कोणाच्या हातात जाईल, हा विचार आधी करायला हवा.

म्हणून काही नियम आम्ही सुचवतो.

आधारचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नयेत. काम झाले की फोनमधूनही काढून टाकावेत.

आजाराचे नाव, विशेषतः टीबी, एचआयव्ही, मानसिक आजार, यादीत लिहू नये.

मदत करतानाचे फोटो, व्हिडिओ टाकू नयेत. आजारी माणूस ही आपल्या कामाची जाहिरात नाही.

संमती त्याच्या भाषेत, समजावून घ्यावी. नको म्हटले तरी दवाखान्यात नेणे थांबवू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही संमती मोकळी हवी आणि ती मागे घेता आली पाहिजे असे मानले आहे.

कार्यकर्त्याचा नंबर दुसऱ्याच्या आधारला जोडू नये. कार्यकर्ता बदलतो, भांडतो, गाव सोडतो, आणि माणसाची ओळख त्याच्या फोनमध्ये अडकते.

मुंबईत याचा एक चांगला आदर्श आहे. १९८५ साली स्पार्क या संस्थेने फुटपाथवासीयांची गणना केली. सुमारे सहा हजार कुटुंबांची माहिती ‘वी, द इनव्हिजिबल’ या अहवालात आली. तोवर महापालिका त्यांना तात्पुरते आलेले उपरे समजत होती. वर्षानुवर्षे इथे राहून काम करणारी कुटुंबे असल्याचे त्या गणनेने दाखवले. पुढे त्याच भागातल्या स्त्रियांची ‘महिला मिलन’ संघटना उभी राहिली. लोकांची माहिती लोकांच्या हातात राहिली तेव्हा तिने त्यांना बळ दिले.

पाच जणांचा गट काय करू शकतो

एक स्थानक निवडा, पूर्ण उपनगर नको. आठवड्यातून एका ठरलेल्या रात्री, ठरलेल्या वेळी तिथे जा. पहिले चार आठवडे काही भरून घेऊ नका. चहा प्या, बोला, जखम दिसली तर पट्टी करा. लोक तोंडओळखीनंतरच दुखणे सांगतात.

मग प्रत्येक माणसाला एक छोटे कार्ड द्या. त्यावर नाव, आभा किंवा निक्षय क्रमांक असल्यास तो, चालू औषध, ॲलर्जी आणि निवाऱ्याचा किंवा गटाचा संपर्क नंबर असावा. ब्रिटनमध्ये ग्राउंडस्वेल नावाची संस्था बेघरांना असेच छोटे कार्ड देते. पत्ता किंवा ओळखपत्र नसले तरी दवाखान्यात नाव नोंदवण्याचा हक्क आहे, एवढेच त्यावर लिहिलेले असते. तिथल्या आरोग्यसेवेचा नियमच तसा आहे आणि पत्ता नसलेल्यासाठी दवाखान्याचा पत्ता लिहिता येतो. आपल्या कार्डाच्या मागे कलम ५ आणि कलम १८ मराठीत छापता येतील.

रुग्णालयात सोबत जा. खिडकीवर पत्त्याच्या रकान्यात ‘अमुक पुलाखाली, अमुक स्थानक पूर्व’ असे लिहायला सांगा. निवडणूक आयोगाला असा पत्ता चालतो. बेघराने अर्ज ६ भरला की मतदान केंद्र अधिकाऱ्याने रात्री जाऊन तो तिथे झोपतो का हे पाहायचे असते, पत्त्याचा कागद लागत नाही. मत द्यायला पुरेसा असलेला पत्ता केसपेपरला का पुरू नये? मतदार ओळखपत्र मिळाले की पुढचे अनेक कागद सोपे होतात, म्हणून हे काम आरोग्याच्या कामासोबतच करा.

बुद्धविहार, समाजमंदिर, अभ्यासिका यांच्याकडे पंखा, वीज, टेबल आणि इंटरनेट आहे. महिन्यातून एक रविवार तिथे कागदपत्रांचे मदतकेंद्र चालवता येईल. जात-धर्म न विचारता.

मागायचे काय

वॉर्डाच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे लेखी मागण्या द्या, पोच घ्या. आमच्या मते त्या अशा असाव्यात : प्रत्येक केसपेपर खिडकीवर ‘मोबाइल, आधार, पत्ता नसला तरी नोंदणी होईल’ असा मराठी-हिंदी फलक. कोविनच्या धर्तीवर सर्व आरोग्ययोजनांत बेघरांसाठी नेमलेला सहायक. स्थानकांजवळ ठरलेल्या रात्री फिरता दवाखाना. मुंबई, ठाणे, मीरा-भाईंदर, कल्याण या महापालिकांत रुग्णाची नोंद पुढे पाठवण्याची व्यवस्था. आणि आरोग्याची माहिती पोलिसांना किंवा अतिक्रमण विभागाला दिली जाणार नाही, असा लेखी आदेश.

पुढची जनगणना डिजिटल होणार आहे. तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि तिच्यात जातीचीही नोंद होणार आहे. प्रगणकाच्या हातातल्या मोबाइलमध्ये फुटपाथवरच्या माणसाचे नाव गेले नाही, तर पुढची दहा-पंधरा वर्षे त्याच्यासाठी निवारा, दवाखाना, रेशन यांपैकी कशाचाच हिशेब होणार नाही. आपल्या स्थानकाबाहेर कोण कुठे झोपते हे आपल्याला आधीपासून ठाऊक असेल, तर बेघरांच्या मोजणीच्या रात्री प्रगणकासोबत उभे राहता येईल. ते ठाऊक होण्यासाठी येत्या आठवड्यातच एका रात्री स्थानकावर जावे लागेल.